मदरबोर्डचं ‘ऑटो’ बटण प्रोसेसरला किती व्होल्टेज पाजतं?

२०२४ च्या सुरुवातीला जगभरातल्या गेम खेळणाऱ्यांना एक चमत्कारिक संदेश दिसू लागला. पीसीत महागडं ग्राफिक्स कार्ड, त्यावर भरपूर मेमरी, तरी गेम सुरू होता होता बंद पडायचा आणि पडद्यावर यायचं की व्हिडिओ मेमरी संपली. लोकांनी ड्रायव्हर बदलले, विंडोज नव्याने टाकलं, कार्डं बदलून पाहिली. दोष निघाला प्रोसेसरमध्ये. गेम उघडताना दाबून ठेवलेल्या फायली उलगडायचं जड काम प्रोसेसर करतो. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले काही प्रोसेसर त्या कामात आकडेमोड चुकवत होते आणि खापर फुटत होतं ग्राफिक्स कार्डावर.

पुढे इंटेलने कारणं जाहीर केली तेव्हा एक शब्द पुन्हा पुन्हा आला: व्होल्टेज. प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होतं. त्यातला काही दोष इंटेलच्या स्वतःच्या मायक्रोकोडचा होता. मायक्रोकोड म्हणजे प्रोसेसरच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम, जो आपल्याला बायोस अपडेटमधून मिळतो. (बायोस म्हणजे पीसी चालू करताच सगळ्यात आधी सुरू होणारं, मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर; बोर्डची सेटिंग तिथेच असतात.) पण यादीतलं एक कारण मदरबोर्डांचंही होतं. वीज पुरवण्याची बोर्डवरची सेटिंग इंटेलने सांगितलेल्या मर्यादेपलीकडे ठेवलेली होती, आणि ती वापरणाऱ्याने ठेवलेली नव्हती. पीसी डब्यातून निघाला तेव्हापासून ‘ऑटो’ वर तशीच होती.

मला हा विषय घरातच भेटला. नागपूरला राहणाऱ्या भाच्याचा मे महिन्यात फोन आला, “मामा, व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की पीसी अर्ध्यात बंद होतो.” कोअर आय५-१३६००के, बऱ्यापैकी टॉवर कूलर, नवा बोर्ड. बायोसच्या पहिल्याच पानावर ‘परफॉर्मन्स वाढवा’ अशा अर्थाचं एक चिन्ह होतं आणि ते त्याने दाबलेलं होतं. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर लावून एक्सपोर्ट सुरू केला. मिनिटभरात तापमान १०० अंशांवर, व्होल्टेज १.३६ च्या आसपास, आणि वेग खाली-वर होत होता. त्या मशीनवर आम्ही काय केलं ते पुढे येईलच. आधी हे व्होल्टेज प्रकरण समजून घेऊ.

प्रोसेसरला व्होल्टेज कशासाठी लागतं?

प्रोसेसरमध्ये अब्जावधी सूक्ष्म स्विच असतात, त्यांना ट्रान्झिस्टर म्हणतात. ५ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर म्हणजे सेकंदाला ५०० कोटी ठोके. प्रत्येक ठोक्याला ज्या स्विचला उघडायचं किंवा मिटायचं आहे, त्याचं काम पुढचा ठोका पडायच्या आत पूर्ण व्हायला हवं.

सार्वजनिक नळावरची रांग आठवा. प्रत्येकाला ठरलेला वेळ, तेवढ्यात हंडा भरायचा. पाण्याला जोर असेल तर हंडा वेळेत भरतो. रांग भराभर पुढे सरकवायची तर जोर वाढवावा लागतो, नाहीतर हंडा अर्धाच राहतो. व्होल्टेज म्हणजे तो जोर आणि ठोक्यांचा वेग म्हणजे रांग सरकण्याचा वेग. प्रोसेसरमधला अर्धा हंडा म्हणजे १ च्या जागी ० वाचला जाणं. तिथून पुढे फाईल बिघडते, प्रोग्रॅम बंद पडतो, नाहीतर निळा पडदा येतो.

म्हणजे वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं. पण त्याची किंमत सरळ हिशोबाने वाढत नाही. स्विचच्या उघडझापीत खर्च होणारी वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. आकडे घालून बघा. वेग ५.० वरून ५.३ गिगाहर्ट्झ केला, म्हणजे ६ टक्के वाढ. त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३५ करावं लागलं, तर वीज आणि पर्यायाने उष्णता साधारण ३४ टक्क्यांनी वाढते. सहा टक्के वेगासाठी एक तृतीयांश जास्त उष्णता. हा हिशोब एकदा डोक्यात बसला की बायोसमधलं प्रत्येक बटण वेगळं दिसायला लागतं.

आपोआप ओव्हरक्लॉकिंगमध्ये बोर्ड काय करतो?

कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर चालवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. हे काम बोर्डवर सोपवणाऱ्या सोयींना प्रत्येक कंपनीने आपापलं नाव दिलंय. एसुसचं मल्टिकोअर एन्हान्समेंट, एमएसआयचं गेम बूस्ट, एएमडीच्या प्रोसेसरांवर प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह. तपशील वेगळे असले तरी आत साधारण तीन गोष्टी घडतात.

पहिली, विजेची मर्यादा उठते. इंटेलच्या कोअर आय९-१३९००के ला कंपनीने सांगितलेली कमाल मर्यादा २५३ वॅट आहे. अनेक बोर्डांवर त्या जागी ४०९५ किंवा ४०९६ वॅट लिहिलेलं सापडायचं. घरातला गिझरसुद्धा २००० वॅटचा असतो. प्रोसेसर एवढी वीज कधीच घेणार नाही. त्या आकड्याचा अर्थ इतकाच की मर्यादा नाही, तापमान १०० ला टेकेपर्यंत चालू दे. दुसरी गोष्ट, एकदोन कोअरसाठी (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) ठेवलेला वेग सगळ्या कोअरना लावला जातो. तिसरी, तो वेग पेलावा म्हणून व्होल्टेज वाढवलं जातं, आणि खरी गोम इथे आहे.

किती वाढवायचं हे बोर्डला कसं कळणार? एकाच मॉडेलच्या दोन चिप सारख्या नसतात. एक चिप १.२० व्होल्टवर जो वेग देते, त्यासाठी दुसरीला १.२८ लागतं. बोर्ड बनवणाऱ्याला तुमच्या हातात कुठली पडणार हे माहीत नसतं आणि कुणाचाही पीसी बंद पडून चालणार नसतं. म्हणून तो सगळ्यात कमकुवत चिप डोळ्यांसमोर ठेवून व्होल्टेज ठरवतो, वर थोडी भर घालतो. शाळेचा गणवेश वाढत्या मापाचा शिवतात तसं. चांगल्या चिपला ते माप ढगळ होतं, आणि हे ढगळपण रोज उष्णतेच्या रूपाने सोसावं लागतं.

मेमरीचा वेग वाढवणाऱ्या एक्सएमपी आणि एक्सपो या प्रोफाइलही याच घरातल्या. आपण फक्त रॅम वेगवान करतोय असं वाटतं, पण बोर्ड पाठीमागे प्रोसेसरमधल्या मेमरी सांभाळणाऱ्या भागाचंही व्होल्टेज वाढवू शकतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये एएमडीच्या रायझन ७ ७८००एक्स३डी या नव्याकोऱ्या प्रोसेसरांच्या तळाशी जळाल्याचे, फुगल्याचे फोटो आले, ते याच प्रकारातले. एक्सपो सुरू केल्यावर काही बोर्ड एसओसी व्होल्टेज नावाचा आकडा फार वर नेत होते. एएमडीने बायोसमधूनच त्याला १.३ व्होल्टची वेसण घातली.

डीपीजवळचं घर आणि शेवटचं घर

‘लोड लाइन कॅलिब्रेशन’ ही बायोसमधली सर्वात गैरसमजाची सेटिंग. ती खेड्यात राहिलेल्या माणसाला शहरातल्या माणसापेक्षा लवकर कळते असा माझा अनुभव आहे.

रात्री शेतीपंप सुरू झाले की डीपीपासून, म्हणजे गावातल्या विजेच्या रोहित्रापासून, लांबच्या घरातला दिवा मिणमिणतो. लोड वाढला की व्होल्टेज पडतं. वायरमनने त्यावर उपाय म्हणून डीपीवरूनच व्होल्टेज चढवून ठेवलं, तर पंप चालू असेपर्यंत शेवटच्या घरातही लख्ख उजेड. पण सगळे पंप एकदम बंद झाले की व्होल्टेज उसळतं आणि बल्ब उडतात.

बोर्डवर हेच काही दशलक्षांश सेकंदांत घडतं. प्रोसेसरवर काम आलं की त्याचं व्होल्टेज थोडं खाली झुकतं. हे झुकणं दोष नाही, जाणूनबुजून ठेवलेलं आहे, म्हणजे काम अचानक थांबल्यावर होणारी उसळी सुरक्षित हद्दीत राहते. लोड लाइन कॅलिब्रेशन हे झुकणं भरून काढतं. त्याची पातळी शेवटच्या टोकाला नेली की मॉनिटरवर आकडा अगदी सरळ रेषेत दिसतो आणि बरं वाटतं. पण काम थांबतानाची उसळी इतकी क्षणिक असते की सॉफ्टवेअरला ती दिसतच नाही, प्रोसेसरला मात्र ती दर वेळी झेलावी लागते. ही सेटिंग ऑटोवर किंवा मधल्या पातळीवर असू द्या, टोकाला नेऊ नका. आणि पातळ्यांचे आकडे एका कंपनीत चढते, दुसरीत उतरते असतात. मित्राच्या बोर्डवरचा ‘लेव्हल १’ बघून आपल्या बोर्डवर लावायचा नाही.

“तापमान ठीक आहे, मग व्होल्टेजची काळजी कशाला?”

हा प्रश्न हमखास येतो आणि रास्त आहे. कूलर चांगला, तापमान ७० च्या खाली, मग बिघडलं कुठे?

तापमानाला पहारेकरी आहे. ठरलेल्या अंशांवर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीत ही हद्द १०० अंश आहे, रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांत ९५, ७८००एक्स३डी मध्ये ८९. व्होल्टेजने होणारी झीज अशी वाजत-गाजत येत नाही. जास्त प्रवाह आणि उष्णता यांनी चिपमधल्या अतिसूक्ष्म तारांमधले धातूचे अणू हळूहळू सरकतात, नदीकाठची माती वाहून जावी तसे. ट्रान्झिस्टरमधला विद्युतरोधक थर तर काही अणूंइतकाच जाड असतो, तो जास्त व्होल्टेजने थकत जातो. परिणाम असा होतो की कालपर्यंत १.२० व्होल्टवर बिनचूक चालणाऱ्या चिपला आज त्याच वेगासाठी १.२५ लागतात. तेवढे मिळाले नाहीत की ती चुकायला लागते.

इंटेलच्या प्रकरणात हेच झालं. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये कंपनीने सांगितलं की कोअरमध्ये ठोके पोहोचवणारा भाग जास्त व्होल्टेज आणि तापमानाने अकाली म्हातारा होत होता. ऑगस्टमध्ये आलेल्या ०एक्स१२९ या मायक्रोकोडने १.५५ व्होल्टच्या वरच्या मागण्या रोखल्या आणि पुढच्या महिन्यातल्या ०एक्स१२बी ने रिकाम्या किंवा हलक्या कामातल्या वाढीव मागण्या. हलक्या कामात, म्हणजे पीसी थंड असताना! तापमानाच्या आकड्याकडे बघून हे कुणालाच कळलं नसतं.

याच्या उलट भीती बाळगणारेही भेटतात. “माझा रायझन नुसता बसलेला असताना १.४ व्होल्ट दाखवतो, जळेल का?” नाही. एखाद्या कोअरला क्षणभर पूर्ण वेग देताना एवढं व्होल्टेज जातं, पण प्रवाह अगदी थोडा असतो, आणि सगळ्या कोअरवर काम आलं की प्रोसेसर ते स्वतःच खाली आणतो. धोका आहे तो हाच १.४ आकडा हाताने कायमचा बांधून टाकण्यात. मग भर कामातही, पूर्ण प्रवाहासकट, तेवढंच व्होल्टेज जातं.

मग नेमकं करायचं काय?

भाच्याच्या मशीनवर आम्ही केलं त्याच क्रमाने सांगतो.

आधी बायोस अपडेट. तेरावी-चौदावी पिढी असेल तर हे टाळूच नका. मात्र अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून पीसी यूपीएसवर घ्या आणि भारनियमनाची वेळ टाळा. अपडेटनंतर सगळी सेटिंग मूळ जागी आणा. बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पुढे कुठला आकडा काय होता हे आठवत बसावं लागत नाही.

मग ते आपोआपचं बटण बंद केलं आणि विजेच्या मर्यादा कंपनीच्या आकड्यांवर आणल्या, १३६००के साठी सततच्या कामाला १२५ आणि कमाल १८१ वॅट. नव्या बायोसमध्ये ‘इंटेल डीफॉल्ट सेटिंग्ज’ असा पर्याय आहे, तो निवडला की कंपनीच्या मर्यादा आपोआप बसतात. पुष्कळ लोकांचं काम एवढ्यावरच भागतं. इथे थांबलात तरी काही गमावत नाही.

त्यानंतर व्होल्टेज. कोअर व्होल्टेजच्या खाली साधारण तीन पद्धती दिसतात: ऑटो, ठरावीक आकडा आणि ऑफसेट. ऑफसेट म्हणजे प्रोसेसर जेवढं मागेल त्यातून आपण ठरवलेलं वजा. वेग कमी झाला की व्होल्टेजही खाली जातं, ही प्रोसेसरची उपजत सोय त्यात शाबूत राहते. रोजच्या वापरासाठी हीच पद्धत घ्या.

इथे एका जागी जरा थांबा. बहुतेक बोर्डांवर अधिक की उणे हे चिन्ह वेगळ्या ओळीत निवडायचं असतं आणि आकडा वेगळ्या ओळीत भरायचा असतो. भाच्याने आकडा बरोबर भरला, चिन्ह ‘अधिक’ वरच राहिलं होतं. सेव्ह करायच्या आधी मी ती ओळ मोठ्याने वाचायला लावली म्हणून सापडलं. एककही बघा. कुठे ०.०५० व्होल्ट लिहायचे असतात, कुठे ५० मिलिव्होल्ट.

उणे ०.०३ पासून सुरुवात केली. विंडोज सुरू करायचं, सिनेबेंच हे प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकून स्कोअर देणारं सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालवायचं, तापमान आणि स्कोअर वहीत लिहायचा, मग आणखी ०.०१ ने खाली. स्कोअर लिहिणं फार महत्त्वाचं आहे. काही वेळा व्होल्टेज उतरतं, तापमान उतरतं आणि स्कोअरही गुपचूप उतरतो, कारण व्होल्टेज अपुरं पडतंय हे ओळखून प्रोसेसर आतल्या आत वेग आवरतो. तसं झालं तर तुम्ही कमावलं काहीच नाही, एक पायरी वर या. आमचं मशीन उणे ०.०८ ला अडखळलं. आम्ही उणे ०.०६ वर स्थिरावलो. त्याच खोलीत, त्याच उन्हाळ्यात तापमान १०० वरून ८५ च्या आसपास आलं आणि एक्सपोर्टच्या वेळेत दखल घ्यावी असा फरक पडला नाही.

हा आकडा उचलून आपल्या चिपला लावू नका. तुमची चिप वेगळी आहे.

रायझनवर हेच काम ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’ करतो. तिथे व्होल्टेजऐवजी पायऱ्या असतात, एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची. उणे १० पासून सुरुवात करावी. त्यातली खाच अशी की चूक भर कामात दिसत नाही, पीसी मोकळा बसलेला असताना दिसते. संध्याकाळच्या सगळ्या चाचण्या पास होतात आणि रात्री डाउनलोडला लावून ठेवलेला पीसी सकाळी पुन्हा सुरू झालेला आढळतो. म्हणून एक रात्र पीसी नुसता चालू ठेवणं हीही चाचणीच धरा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीआ-लॉगर’ (WHEA-Logger) नावाच्या नोंदी दिसल्या, तर पीसी वरवर चालत असला तरी व्होल्टेज कमी पडतंय असं समजा.

उन्हाळ्याचंही बघा. कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. थंड खोलीत २५ अंशांना घेतलेली चाचणी आणि नागपुरातली ४० अंशांची दुपार यांत पंधरा अंशांचं अंतर आहे, ते जवळपास तसंच्या तसं प्रोसेसरवर चढतं. डिसेंबरात ठरवलेलं सेटिंग एप्रिलअखेर पुन्हा तपासा.

“व्होल्टेज कमी केल्याने प्रोसेसर खराब होणार नाही का?”

चिपला इजा होत नाही. पण चिपने लिहिलेल्या माहितीला होऊ शकते. अर्ध्या हंड्याची चूक फाईल सेव्ह होताना झाली तर ती चूक डिस्कवर जाऊन बसते आणि महिन्याभराने सापडते. लग्नाचे फोटो, दुकानाचे हिशोब, प्रबंध असं काही मशीनवर असेल तर आधी बॅकअप घ्या, मगच बायोस उघडा. प्रयोग फसून पीसी सुरूच झाला नाही तर घाबरू नका. स्विच बंद करून केबल काढा आणि बोर्डवरच्या ‘क्लिअर सीमॉस’ लिहिलेल्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने काही सेकंद जोडा, किंवा नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी थोडा वेळ काढून ठेवा. सगळी सेटिंग मूळपदावर येतात.

“बटण कंपनीनेच दिलंय, मग दाबायचं का नाही?”

बटण बहुतेक वेळा बोर्डच्या कंपनीने दिलेलं असतं, प्रोसेसर दुसऱ्या कंपनीचा असतो. बोर्डांची तुलना चाचणीतल्या आकड्यांवरून होते, त्यामुळे चार-पाच टक्के पुढे राहण्याचा मोह प्रत्येक बोर्डवाल्याला असतो. त्या टक्क्यांसाठी लागणारं व्होल्टेज तुमच्या चिपला सोसावं लागतं. ठरलेल्या मर्यादेबाहेर चालवल्याने बिघाड झाला तर वॉरंटी नाकारण्याची मुभा इंटेल आणि एएमडी दोघांनी अटींमध्ये राखून ठेवलेली आहे.

ओव्हरक्लॉकिंगच वाईट, असं मी म्हणणार नाही. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा ४५० व्हायचा. निम्मा वेग फुकटात! तेव्हा कंपन्या चिपमध्ये खूप वाव सोडत. आता टर्बो आणि बूस्टच्या रूपाने कंपनीच तो वाव जवळजवळ शेवटपर्यंत वापरून चिप विकते. वरच्या बाजूला उरलंय थोडं. खालच्या बाजूला, म्हणजे त्याच वेगासाठी कमी व्होल्टेज वापरण्यात, अजून पुष्कळ सापडतं. १.३० वरून १.२२ व्होल्ट केले तर वेग तोच राहून उष्णता सुमारे १२ टक्क्यांनी घटते. हात साफ करायची हौस असेल तर ती या बाजूला करा.

आधीच झीज झाली असेल तर?

नवा मायक्रोकोड पुढचं नुकसान थांबवतो, झालेलं भरून काढत नाही. तेराव्या-चौदाव्या पिढीचा वरच्या श्रेणीतला प्रोसेसर बायोस अपडेट करून, सगळं मूळ सेटिंगवर ठेवूनही गेम उघडताना किंवा मोठी झिप फाईल सोडवताना चुकत असेल, तर व्होल्टेज वाढवून त्याला रेटत बसू नका. इंटेलने या दोन पिढ्यांतल्या बाधित प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवलेली आहे. सुट्या डब्यातून घेतलेल्यांना मूळ तीन वर्षं होती, ती पाच झाली. १३९००के बाजारात आला ऑक्टोबर २०२२ मध्ये, म्हणजे अगदी पहिल्या दिवशी घेतलेल्यालाही ऑक्टोबर २०२७ पर्यंत वेळ आहे. तयार पीसी घेतला असेल तर तो जोडून देणाऱ्याकडे जावं लागेल. दोन्हीकडे पहिला प्रश्न बिलाचा येतो. भाच्याचं बिल थर्मल पेपरचं होतं, आम्ही काढलं तेव्हा निम्मी अक्षरं उडालेली होती. तुमचं आजच शोधा आणि फोटो काढून ठेवा.